बापूसाहेबांना चटका बसत नाही

बापूसाहेब निकमांचा उजवा पाय राहतो की जातो, या एका प्रश्नावर आमच्या सबंध पेन्शन विभागाने एका उन्हाळ्याचे चार दिवस काढले होते. पण त्या उन्हाळ्याकडे वळण्याआधी बापूसाहेबांच्या बसण्याविषयी सांगायला हवं. पायाचा विषय निघाला की ते स्वतःसुद्धा आधी खुर्चीचंच सांगायचे.

मी बदलून ग्वाल्हेरच्या इंदरगंजातल्या त्या कार्यालयात आले, तेव्हा सगळ्यांनी मला आधी बापूसाहेबांना भेटून यायला सांगितलं. साहेबांना नंतर भेटलं तरी चालेल, म्हणाले. मोठ्या टेबलामागे पांढऱ्या भरघोस मिशांचे, कपाळाला अष्टगंध लावलेले एक ऐसपैस गृहस्थ बसले होते. मी मराठी आहे म्हटल्यावर त्यांचा चेहरा खुलला. ‘बस,’ ते म्हणाले. ‘आपल्याकडे मुख्य काम हेच आहे.’

त्यानंतर कित्येक दिवस मी त्यांना फक्त कंबरेच्या वरच पाहिलं. सकाळी ते सगळ्यांच्या आधी येऊन बसलेले असायचे आणि संध्याकाळी सगळे गेल्यावर उठायचे. त्यांची उंची नेमकी किती, यावर विभागात मतभेद होते.

बसण्यासाठी त्यांनी जेवढी बुद्धी खर्च केली होती, तिच्या निम्मी खर्च करून दुसरा माणूस कलेक्टर झाला असता. पंख्याचं बटण दाबायला पडद्याची जुनी दांडी. खिडकी ओढायला सुतळी. पाठीमागचं कपाट इतकं जवळ सरकवलेलं, की हात मागे नेला की हवी ती फाइल हाताला लागे. आणि लागायचीच, कारण कामात माणूस पक्का होता. म्हाताऱ्या पेन्शनरांची अडलेली प्रकरणं ते असे काही सोडवायचे, की लोक दुवा देत जायचे. पुढे ऑफिसात चाकं लावलेल्या फिरत्या खुर्च्या आल्या आणि बापूसाहेबांचे सोन्याचे दिवस सुरू झाले. टेबलाला एक रेटा दिला की ते श्रीवास्तव मॅडमपाशी, तिथून दुसरा रेटा दिला की कुशवाहपाशी, तिथून परत आपल्या जागी. साहेबांच्या खोलीला उंबरठा होता. तिथे खुर्ची अडायची, म्हणून साहेबच बाहेर यायचे.

‘आमचे मूळ पुरुष दख्खनहून घोड्यावर बसून निघाले, ते ग्वाल्हेरला येऊनच उतरले,’ ते सांगायचे. ‘आमच्या घराण्यात बसणं हीच नोकरी. आधी घोड्यावर, आता खुर्चीवर.’

कुशवाह हा आमच्यातला तरुण, बारीक मिशीचा आणि वाढत्या पोटाचा कारकून. तो म्हणायचा, ‘पर बापूसाहब, घोड़ा तो चलता था.’

‘ही पण चालते की!’ असं म्हणून बापूसाहेब टेबलाला रेटा द्यायचे आणि दाराशी जाऊन थांबायचे.

तसं पाहिलं तर एकट्या बापूसाहेबांना नावं ठेवण्यात अर्थ नव्हता. आमचा सगळा विभागच त्या वळणाचा होता. अकराला चौकातून कचोरी यायची, तिच्यामागून चहा, आणि चहात साखर अशी की चमचा उभा राहावा. श्रीवास्तव मॅडमची मान आखडलेली, कुशवाहच्या गालात सदा तंबाखू, माझा स्वतःचा खांदा संगणकापुढे बसून बसून लाकडासारखा झालेला. मार्च महिना आला की सगळ्यांचा रक्तदाब उसळायचा आणि एप्रिलमध्ये गोळ्या बदलायच्या. ‘थोडी शुगर है,’ ‘जरा सा बीपी रहता है,’ असं सगळे एकमेकांना सांगायचे. एखाद्या मोठ्या ऑफिसात आपली थोडी ओळख आहे, हे माणूस ज्या आवाजात सांगतो, त्याच आवाजात. बापूसाहेबांनाही थोडी शुगर होती. कधीपासून, ते त्यांनी कधी सांगितलं नाही. टेबलाच्या खणात गोळ्यांची एक पट्टी होती. आठवण झाली की ते त्यातली एक घ्यायचे, आणि आठवण त्यांना सहसा जेवण अति झाल्यावर व्हायची.

त्यात आमच्याकडे एक रीत होती. कुणाच्या घरी काही चांगलं झालं, म्हणजे मुलगा पास झाला, स्कूटर घेतली, बढती मिळाली, सून आली, की मिठाईचा डबा यायचा, आणि त्यातला पहिला तुकडा बापूसाहेबांचा. त्यांनी तो तोंडात टाकून, डोळे मिटून, ‘वा!’ म्हटल्याशिवाय बाकी कुणी डब्याला हात लावत नसे. ही रीत कुणी पाडली ते ठाऊक नाही. पण त्यांनी खाल्लं की पुढचंही चांगलं होतं, असं सगळ्यांनी धरून ठेवलं होतं. एकदा दाढ उपटलेली असल्यामुळे त्यांनी श्रीवास्तव मॅडमच्या घरच्या लाडवाला नको म्हटलं. मॅडम डबा बंद करून जागेवर गेल्या आणि दिवसभर डोळे पुसत राहिल्या. मुलीच्या साखरपुड्याचे लाडू होते. संध्याकाळी बापूसाहेबांनी सुजलेल्या गालाने अख्खा लाडू खाल्ला आणि ‘वा!’ म्हटलं. त्यानंतर त्यांनी कधीही कुणालाही नको म्हटलं नाही.

‘माणसाने आपला आनंद पुढे केलेला असतो गं,’ ते मला म्हणाले. ‘त्याला नाही कसं म्हणायचं?’

आमच्या ऑफिसात लोकांना आनंद फार व्हायचे. विभाग मोठा, त्यात थंडीत घरोघरची तिळाची गजक, दिवाळीचा फराळ, गणपतीचे मोदक, शिवाय कुणाची ना कुणाची मानता, म्हणजे नवस, फेडलेली असायची. एखादा दिवस कोरडा गेला तर बापूसाहेबांनाच चुकल्यासारखं व्हायचं आणि ते नया बाजारातून काहीतरी मागवायचे.

आता त्यांच्या पायाकडे येते.

चैत्रातल्या नवरात्रात अष्टमीला आमचा विभाग जेवणाच्या सुट्टीत टेकडीवरच्या देवीला जायचा. पायथ्यापर्यंत नव्हे, अगदी दारापर्यंत गाडी जाते, म्हणून बापूसाहेबही यायचे. त्या वर्षी ऊन फार लवकर तापलं होतं. चपला बाहेर काढून आम्ही आत पाय ठेवला आणि सगळ्यांनीच उड्या मारायला सुरुवात केली. फरशी नुसती तव्यासारखी तापली होती. श्रीवास्तव मॅडम साडी धरून ‘हाय राम, हाय राम’ करत टाचांवर पळत होत्या. साहेबांनी आपला रुमाल खाली टाकला आणि त्यावर उभे राहिले. कुशवाह तर एका पायावरून दुसऱ्या पायावर नाचत नाचतच सभामंडपात पोचला.

आणि बापूसाहेब बागेत फिरावं तसे सावकाश चालत आले. मध्येच थांबले, कळसाकडे पाहून हात जोडले, कुणाचा तरी नारळ फोडायचा राहिला होता त्याला कोपरा दाखवला. चेहऱ्यावर एक रेष हलली नाही. आम्ही सावलीत उभे राहून पाहतच राहिलो.

‘बापूसाहब, पैर नहीं जल रहे?’ कुशवाहने विचारलं.

बापूसाहेबांनी खाली आपल्या पायांकडे पाहिलं. तेही जरासे चकित झाले असावेत. पण क्षणभरच. मग मिशीवरून हात फिरवून म्हणाले, ‘मोहिमांवर गेलेल्यांचं रक्त आहे बाबा. तुम्हाला काय कळणार!’

कुशवाह वाकला आणि त्याने भर देवळात त्यांचे पाय धरले. जवळच एक म्हाताऱ्या बाई फुलं वेचत होत्या. त्यांनीही येऊन नमस्कार केला. पुजाऱ्यांनी मुद्दाम आतून हार आणून दिला.

त्या दिवसापासून बापूसाहेबांची प्रतिमाच बदलली. आतापर्यंत ते फक्त आमचे लाडके होते, आता त्यांच्यात काहीतरी आहे असं लोक बोलू लागले. दुसऱ्या विभागांतली माणसं येऊन त्यांना पाहून जायची. कुणी देवीची कृपा म्हणायचं, कुणी क्षात्रतेज. आमच्या मराठी मंडळींमध्ये तर ही गोष्ट फारच पटकन पसरली, कारण घराण्याचं रक्त अजून तसंच आहे हे ऐकायला आम्हा सगळ्यांनाच आवडतं. दिवसभर खुर्चीत बसणाऱ्यांना जरा जास्तच आवडतं. आमच्या मराठी शाळेच्या स्नेहसंमेलनातही त्यांचा सत्कार झाला. सत्काराला त्यांनी दोन शब्द बोलताना तलवारीचा उल्लेख केला, जी मी त्यांच्या घरी कधी पाहिली नाही.

मे महिन्यात भोपाळहून तपासणीसाठी एक अधिकारी आले. जेवणाच्या वेळी कुशवाहने त्यांना ही हकीकत रंगवून सांगितली. अधिकारी हसले. ‘ऐसा थोड़े ही होता है,’ म्हणाले. झालं. विभागाच्या अब्रूचा प्रश्न आला. बापूसाहेब खुर्चीतून उठले. बापूसाहेब उठले ही बातमीच एवढी मोठी होती, की खिडक्यांतून डोकी बाहेर आली. भर दुपारी ते अंगणात गेले, चपला काढल्या आणि जिथे लोखंडी झाकण बसवलेलं आहे, त्या गटाराच्या तोंडावर जाऊन उभे राहिले. कुशवाहने त्यांना चहाचा पेला नेऊन दिला. त्यांनी तो फुंकर घालून, एकेक घोट घेत, सावकाश संपवला. अधिकाऱ्यांनी त्याच झाकणाला बोट लावून पाहिलं आणि ‘अरे बाप रे’ म्हणून बोट तोंडात घातलं. आम्ही टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या.

घरी त्या रात्री काय झालं ते मला त्यांच्या बायकोने, कुसुमकाकूंनी, फार नंतर सांगितलं. तळपायाला मोठा फोड आला होता. बापूसाहेबांना त्याचा पत्ताच नव्हता. दोन दिवसांनी काकूंना लादीवर ओले डाग दिसले. ‘हे काय?’ म्हटल्यावर ते म्हणाले, ‘चप्पल चावली.’ काकूंनी हळद लावली. त्यांनी मोजे घालून ऑफिस सुरू ठेवलं. दुखत नव्हतं, मग काळजी कसली? दुखत नाही म्हणजे बरं होत आहे, असा त्यांचा हिशेब होता.

पावसाच्या आधी आमच्या ऑफिसात आरोग्य तपासणीचं शिबिर लागलं. शिबिराला आलेली डॉक्टर मृणाल ही बापूसाहेबांच्या शाळासोबत्याची मुलगी, नया बाजारात लहानाची मोठी झालेली. तिला पाहून बापूसाहेबांना भरतं आलं. ‘अगं, तुला मी कडेवर घेतलंय,’ म्हणून त्यांनी रांगेतल्या सगळ्यांना सांगितलं. ती हसली, पण तिने सगळ्यांची वजनं केली, पोटाचे घेर मोजले, रक्तदाब पाहिले आणि एकेकाला असं काही झाडलं की आमची हसण्याची सोय राहिली नाही. कुशवाहला म्हणाली, ‘तंबाखू थूक के आओ, फिर बात करेंगे.’ मला म्हणाली, ‘ताई, तुम्ही दिवसभरात खुर्चीतून उठता कधी?’ मी आठवू लागले.

बापूसाहेबांची साखर पाहून तिने ती पुन्हा मोजली. ‘काका, ही केव्हापासून आहे?’

‘थोडी शुगर आहे गं. आमच्याकडे सगळ्यांनाच आहे.’

‘थोडी नाही आहे काका. पाय दाखवा.’

‘पायाचं विचारू नकोस. पायाला काही होत नाही माझ्या. विचार यांना.’

कुशवाहने मोठ्या अभिमानाने देवीच्या फरशीची आणि लोखंडी झाकणाची हकीकत सांगितली. मृणाल ऐकत होती आणि तिचा चेहरा उतरत होता. तिने त्यांना टेबलावर आडवं व्हायला लावलं आणि पिशवीतून नायलॉनचा एक बारीक, ताठ दोरा काढला. ‘डोळे मिटा. जिथे टोचलेलं कळेल तिथे हो म्हणा.’

बापूसाहेबांनी डोळे मिटले. मृणालने अंगठ्यापासून सुरुवात केली. प्रत्येक बोट, तळवा, टाच, मग दुसरा पाय. ते शांत पडून होते. आम्ही सगळे त्यांच्या तोंडाकडे पाहत होतो. थोड्या वेळाने ते कंटाळून म्हणाले, ‘अगं, सुरू कर की आता. माझं जेवण व्हायचंय.’

‘काका,’ मृणाल म्हणाली, ‘दोन्ही पाय झाले.’

 तिने उजव्या पायाचा तळवा वर केला. जखम आम्ही तेव्हा पहिल्यांदा पाहिली. करंगळी काळी पडत चालली होती.

‘वर्षानुवर्षं साखर वाढलेली राहिली की नसा मरतात,’ ती म्हणाली. ‘मग पाय सांगतच नाही की जळतंय, की टोचतंय. काका, ते पुण्य-बिण्य काही नव्हतं. बीमारी थी. आणि तुम्ही त्यावर टाळ्या घेत होता.’

बापूसाहेब उठून बसले. आपले दोन्ही पाय त्यांनी असे पाहिले, जसे काही ते दुसऱ्या कुणाचे आहेत. कुशवाहने भिंतीकडे तोंड केलं होतं. देवळात त्याने हेच पाय धरले होते.

त्याच दिवशी त्यांना दवाखान्यात भरती केलं. करंगळी जाणार हे ठरलंच होतं. पण विष कुठवर चढलं आहे, ते चार दिवस पाहिल्याशिवाय सांगता येणार नाही, असं सर्जन म्हणाले. घोट्यापाशी कापावं लागेल, कदाचित त्याच्याही वर. ऑफिसात ते चार दिवस कुणाचं लक्ष कामात नव्हतं. चाकांची ती खुर्ची टेबलामागे रिकामी होती आणि तिला कुणी हात लावत नव्हतं.

आम्ही सगळे भेटायला गेलो, तेव्हा बापूसाहेब खाटेवर पाय उंच ठेवून पडले होते. मिशा तशाच, पण चेहरा पिवळा. त्यांचा मुलगा नोकरीच्या गावाहून आला होता. किडकिडीत, चष्मा लावलेला. तो कोपऱ्यात उभा होता. आमच्याशी त्यांनी थट्टा केली. ‘साहेबांना सांगा, मी नियमाप्रमाणे रजा टाकली आहे. पायाची वेगळी टाकावी लागेल का, ते विचारून घ्या.’ आम्ही हसलो.

मग कुशवाहने पिशवीतून डबा काढला. त्याने बापूसाहेबांसाठी देवीला मानता मानली होती आणि ती फळण्याआधीच प्रसाद चढवून आणला होता, म्हणजे देवीलाही नाही म्हणता येऊ नये. बेसनाचे लाडू होते. त्याने डबा उघडून त्यांच्यापुढे धरला. सवयीने आम्ही सगळे थांबलो. पहिला तुकडा त्यांचा.

आता मागे वळून पाहताना मला आमच्या शहाणपणाचं हसू येतं, पण तेव्हा ते कुणाच्या लक्षातही आलं नाही. आम्हाला खरोखर वाटत होतं, की त्यांनी तो लाडू खाल्ला तर पाय वाचेल.

बापूसाहेबांनी लाडवाकडे पाहिलं. मग कुशवाहकडे पाहिलं. कुशवाहने डबा आणखी जवळ सरकवला.

‘नको,’ ते म्हणाले.

‘बापूसाहब, प्रसाद है. माता का.’

‘मातेला माझा नमस्कार सांग. मी खाणार नाही.’ आणि मग ते मराठीतच बोलू लागले, कुशवाहला कळो न कळो. ‘माझ्या वडिलांचा पाय असाच गेला होता. मी तेव्हा कॉलेजात होतो. त्यांना संडासला मी उचलून न्यायचो. मोठे रुबाबदार होते ते, लोक रस्त्यात थांबून त्यांना मुजरा करायचे. मी उचललं की ते माझ्या खांद्यावर डोळे मिटून घ्यायचे. एवढ्या वर्षांत एकदाही त्यांनी डोळे उघडे ठेवले नाहीत.’ त्यांनी कोपऱ्यातल्या मुलाकडे बोट केलं. ‘आणि याच्याकडे बघ. काडी पहिलवान आहे. हा मला कसा उचलणार? मला कुणी उचलायला नको, बस. दुसरं काही मागणं नाही माझं देवीकडे. लाडू तुम्ही खा, बाहेर जाऊन.’

कुशवाहला सगळं कळलं होतं. तो ग्वाल्हेरचाच, मराठी शेजारात वाढलेला. त्याने डब्याचं झाकण लावलं आणि बाहेर गेला. त्याच्यामागून आम्ही गेलो, तर तो जिन्यात बसून रडत होता. ‘मैंने ही चाय पकड़ाई थी,’ एवढंच म्हणत होता. श्रीवास्तव मॅडमनी त्याच्या पाठीवरून हात फिरवला. लाडू आम्ही कुणी खाल्ले नाहीत. खाली फाटकाशी बसलेल्या माणसांना वाटले.

पाय वाचला. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट गेलं, पण घोटा राहिला, टाच राहिली. बापूसाहेब स्वतःच्या पायांवर दवाखान्यातून बाहेर आले, म्हणजे काठी टेकत, एकेक पाऊल टाकत, शिव्या घालत. मुलगा हात पुढे करत होता आणि ते तो झटकून टाकत होते. ‘तू लांब हो. लांबून चाल,’ असं त्याला सारखं सांगत होते.

कामावर परतल्यावर ते दुसऱ्या टोकाला गेले. त्यांनी आपली फिरती खुर्ची स्टोअरमध्ये जमा केली आणि लाकडी खुर्ची घेतली. पडद्याची दांडी कुशवाहने आठवण म्हणून मागितली. तासाभराने ते टेबलावर टिचकी मारून ‘चला, गस्त!’ म्हणून ओरडायचे. मग सगळ्या विभागाने उठून व्हरांड्याच्या टोकापर्यंत जाऊन यायचं. पुढे बापूसाहेब आपल्या जाड तळाच्या बुटांत, मागे श्रीवास्तव मॅडम, मागे मी, सगळ्यात मागे कुरकुरत कुशवाह. पहिल्या दिवशी बाहेर बसलेल्या पेन्शनरांना वाटलं संप झाला. त्यांनी आरडाओरडा केला. बापूसाहेबांनी त्यांना समजावलं, तर त्यातले दोघे-तिघे आमच्याबरोबर चालायला लागले. ‘यहाँ बैठे-बैठे तो घुटने जाम हो जाते हैं,’ म्हणाले. साहेबांनी आधी हरकत घेतली. मग त्यांचाही रक्तदाब निघाला आणि तेही गस्तीला येऊ लागले.

मिठाईची रीत मोडायला जास्त वेळ लागला. लोक डबा घेऊन यायचेच. बापूसाहेबांनी नवा नियम काढला. ते डबा दोन्ही हातांनी घ्यायचे, कपाळाला लावायचे, ‘वा!’ म्हणायचे आणि परत द्यायचे. सुरुवातीला लोकांना राग आला. पुढे त्यांच्या हे लक्षात आलं, की तरीही बढत्या व्हायच्या त्या होतात आणि मुलं पास व्हायची ती होतात. काही जणांनी तर डब्यात फळं आणायला सुरुवात केली. मात्र सगळं ऑफिस सुधारलं असं मी म्हणणार नाही. कचोरी अजून यायची, फक्त आता ती जिन्यामागे खाल्ली जायची. कुशवाहने तंबाखू सोडली, परत धरली, परत सोडली. मी निघाले तेव्हा सोडलेली होती.

सेवानिवृत्तीच्या दिवशी बापूसाहेबांनी भाषण केलं ते उभं राहून. तलवारीचा उल्लेख नव्हता. ‘बसा’ असं दर वेळी सगळे म्हणायचे आणि दर वेळी ते ‘आता नको’ म्हणायचे. गस्तीत आम्हाला त्यांची पाठच दिसायची; त्यांची उंची तेव्हा सगळ्यांनी समोरून नीट पाहिली. मी समजत होते त्यापेक्षा ते बरेच बुटके होते.

त्यांना शेवटचं मी पाहिलं ते मागच्या हिवाळ्यात. माझी बदली भोपाळला झाली होती, आणि कामासाठी ग्वाल्हेरला आले होते, म्हणून जयेंद्रगंजात त्यांच्या घरी गेले. दार त्यांनीच उघडलं. घरात चपला घालून होते. काकू लगेच सांगू लागल्या, की डॉक्टरने अनवाणी चालायला अजिबात मना केलं आहे, देवघरातसुद्धा. जन्मभर घरात चप्पल न आणलेल्या बाईची मोठीच पंचाईत झाली होती. शेवटी त्यांनी नवा जोड आणून त्याला हळद-कुंकू लावलं आणि मग तो घरात घेतला. ‘आता हे घरातलेच झाले,’ त्या म्हणाल्या.

‘माझ्यापेक्षा त्या चपलांची पूजा जास्त चालली आहे,’ बापूसाहेब म्हणाले. आवाज थोडा क्षीण झाला होता, पण मिशा तशाच होत्या. कुशवाह अधूनमधून येतो, पाय लांबून पाहून जातो, हात लावत नाही, असं हसून सांगितलं.

उन्हं उतरली तशी काकूंनी पाटावर बसकण मारली आणि चष्मा चढवला. ‘रोजचं काम आहे गं, तू बसून राहा. मी आत्ता चहा टाकून राहिले,’ मला म्हणाल्या. बापूसाहेबांनी खुर्चीत बसून पाय त्यांच्यापुढे ठेवले. काकूंनी प्रथम दोन्ही तळवे नीट पाहिले, बोटांच्या बेचक्या पाहिल्या, जिथे दोन बोटं नव्हती ती जागा पाहिली. तेल लावून पुसलं. कुठे चीर नाही, कुठे फोड नाही. तपासणी झाली. तरी त्या उठल्या नाहीत.

‘डोळे मिटा,’ त्या म्हणाल्या.

बापूसाहेबांनी डोळे मिटले. ग्वाल्हेरची थंडी बाहेर उतरत होती आणि आत शेगडीवर पाणी तापत होतं.

‘कळतंय का काही?’

‘हो तर,’ बापूसाहेब म्हणाले. ‘तुझा हात. जरा गार आहे.’

‘आणि आता?’

‘आताही कळतोय. टाचेशी आहेस.’

काकू माझ्याकडे पाहून हसल्या. काकूंचे दोन्ही हात मघापासून त्यांच्या स्वतःच्या मांडीवर होते.